पत्रिकेचं पॅकिंग

"मुद्दाम केलंस! बोल्ट मुद्दाम ढिला केलास, मेल्या!"

काका इंजिनाच्या खोलीत डोकं घालून ओरडत होता. आमच्या लाँचचा मालक तोच, खलाशांचा म्होरक्या म्हणजे तांडेलही तोच. आवाज असा, की कोसभर लांबच्या लाँचवरल्या खलाशांनी हातातलं जाळं सोडून माफी मागितली असेल.

खाली गुडघ्यांवर ड्रायव्हर बसला होता. समोर त्याचं इंजिन. ते पूर्वजन्मी ट्रकात होतं, पालीच्या चढणीवर तीन मालक संपवून मग आमच्याकडे समुद्रात आलं. बाजूच्या झाकणाखालून ऑइल झिरपत होतं, सर्दी झालेल्या पोराचं नाक गळतं तेवढंच.

"झाकणाखालचं पॅकिंग फाटलंय, तांडेल. मी काय केलं नाय. परत फिरूया, ऑइल संपलं तर इंजिन जाम होईल."

"उद्या तुला लांज्याला जायचंय, आणि पॅकिंग आजच फाटलं होय रे?"

ड्रायव्हर चाळिशीला टेकलेला. समुद्रावरच्या माणसाला हल्ली मुलगी देतो कोण? त्याच्या आईने उंबरठे झिजवून झिजवून लांज्याची एक मिळवली होती. पण मुलीला बाप नव्हता, आणि मुंबईचा मामा आपल्याला न विचारता ठरवलं म्हणून लांज्याला येऊन फुगून बसला होता. नवऱ्याने उद्या स्वतः येऊन लग्नपत्रिका हातात द्यावी, नाहीतर लग्न विसरा, असा त्याचा निरोप होता. आमच्याकडे पहिली पत्रिका ग्रामदेवीसमोर ठेवल्याशिवाय दुसरी कुणाला देत नाहीत. म्हणून कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली ती पहिली पत्रिका ड्रायव्हरने प्लास्टिकात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली होती. धक्क्याला लागलो की थेट देवळात, तिथून लांज्याची एसटी. संध्याकाळी परत आणतो, असं काकाने त्याला सांगितलं होतं.

पण बांगडा असा लागला होता, की माशांच्या पाठीवर पाय देत मिऱ्याच्या डोंगरापर्यंत चालत गेलो असतो. असल्या वेळी काका स्वतःच्या मयतालाही परत फिरला नसता.

"नवीन पॅकिंग कुठंय?" काकाने विचारलं.

"तुम्ही कधी घेऊन दिलंत?"

काकाने सरळ त्याच्या खिशात हात घातला. पत्रिका काढून बोटांनी चाचपली.

"कागद जाड घेतलास रे! खर्च केलास!"

"तांडेल, ती देवीची आहे."

"मग गळती देवीच थांबवील."

वरचा गणपती काकाने सुरीने नीट कापून घेतला, कपाळाला लावला आणि स्वतःच्या खिशात ठेवला. देवाचा अपमान त्याला खपत नसे. मग उरलेली पत्रिका उघडून झाकणावर धरली आणि कडेकडेने हातोडीने ठोकत गेला. कागद झाकणाच्या आकाराचा कापला गेला. बोल्टांसाठी भोकं पाडली. एक नेमकं नवरीच्या नावातून गेलं, एक नवऱ्याच्या.

"लागलं रे लग्न!" कुणीतरी ओरडलं. आम्ही मंगलाष्टकं सुरू केली. डब्यातला भात अक्षता म्हणून ड्रायव्हरच्या डोक्यावर टाकला. एकाने तर तोंडाने असा बेंडबाजा वाजवला की बांगडेसुद्धा वरातीला वर आले. बोल्ट आवळायचा पाना काकाने त्याच्याच हातात दिला.

"आवळ. तुझं लग्न तूच आवळ."

त्याने आवळलं. एकेक बोल्ट, समोरासमोरचा, जसा आवळायचा असतो तसा. केसांत शितं तशीच. इंजिन सुरू झालं. थेंब नाही.

थेंब नाही म्हटल्यावर परतायचं कशाला? माशांवर घालायचा बर्फ संपेपर्यंत आम्ही समुद्रावरच राहिलो. धक्क्याला लागलो तोवर मुलीचा मामा मुंबईला गेला होता, जाताना लग्न मोडून. पुढे त्यानेच तिला मुंबईचा नोकरीवाला बघून दिला. उरलेल्या पत्रिका ड्रायव्हरच्या आईने पाणी तापवायच्या बंबात घातल्या. काकाने त्या फेरीच्या कमाईतून देवीला चांदीचा मुखवटा केला आणि पूजेला ड्रायव्हरलाही बोलावलं.

पावसाळ्यात लाँच किनाऱ्यावर ओढली, तेव्हा मी बाजारातून चांगलं पॅकिंग आणलं. ड्रायव्हरपुढे धरलं.

"दादा, ते जुनं काढून टाकूया आता."

त्याने झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. कोरडं बोट मला दाखवलं.

"गळत नाय," तो म्हणाला.