आठवडाभर गडी

"पंप गड्याचा हाय, पाठ बाईची हाय. हजेरी पाठीची मिळती."

मळ्याचे मालक आबा असं म्हणले आन् बांधावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. माझा हात पुढं तसाच राह्यला. हातात बाईची हजेरी, म्हंजी बाईचा रोज. गड्याच्या निम्मा.

झालं असं. आमची बायांची टोळी मांडवगणात कांदा खुरपाय जायची. फवारणीचा एक गडी आला न्हाई, तवा आबांनीच औषधाचा पंप माझ्या पाठीवर चढवला. "आजपासनं तू गडी." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. फवारणीचा दुसरा गडी साहेबराव, आठवडाभर त्याच्या जोडीनं औषध मारलं. एक वाफा त्याचा, एक माझा. पट्ट्यांनी खांदं सोललं. आबा येता-जाता म्हणायचे, "काय गडी, दमला का?" मी बी खुळी, हसायची.

शनवारी साहेबरावला गड्याची हजेरी. मला बाईची.

म्या म्हणलं, "आबा, काम घेताना गडी आन् पैसं देताना बाई?"

"गावाची रीत हाय. तुझ्यापायी मोडू व्हय?"

साहेबराव चपलेनं ढेकूळ फोडत उभा. टोळीची मुकादमीण शांताक्का म्हणली, "घे गं बाई. तुझ्यामुळं आमचं बी काम जाईल." एवढ्या माणसांत मी एकटी हाय, हे तवा कळलं.

पैसं आबांच्या हातात परत ठेवलं. "गड्याचं द्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

सोमवारी टोळीची पिकअप माझ्या दारावरनं गेली. थांबली न्हाई. शांताक्काच्या शेजारी माझी जागा असायची, तिथं डबं ठेवलेलं दिसलं. घरात नवरा म्हणला, "निम्मं तर निम्मं, घ्यायचं व्हतं." नवरा बी गडीच की. तो कामाला गेल्यावर मी दिसभर ओट्यावर बसून राह्यले. लई रडले, आन् ते बघायला बी कुणी नव्हतं.

मग साहेबरावच्या हाती आबांचा निरोप आला. "फवारणीला ये. बाईच्या रोजावर थोडं जास्त देतो. कुणाला सांगू नको."

कुणाला सांगू नको. म्हंजी माझं खरं हाय, हे आबांना बी ठावं हाय.

म्या साहेबरावला म्हणलं, "जाऊन सांग. गड्याची हजेरी द्या, बांधावर द्या, समद्या बायांच्या देखत द्या."

अजून बोलावणं न्हाई. पिकअप रोज दारावरनं जाती, बाया खाली बघत्यात. मी रोज डबा भरून दारात उभी ऱ्हाते. पर निम्म्या हजेरीवर ह्या पाठीवर पंप चढणार न्हाई. आबांचा न्हाई, कुणाचाच न्हाई.