ओली वाळू आणि दादाची कंबर

कुवेतमध्ये थंडी पडते, हे गावाकडे कुणाला पटत नाही. पण जानेवारीत पहाटे पाऊस पडून गेला की वाळवंटातल्या रस्त्यांवर साचलेली वाळू भिजते, जड होते, आणि ती उपसायला बसमधून उतरणाऱ्या माणसांची अंगं आखडलेली असतात. कंबरा जातात त्या तेव्हाच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कुवेत शहराच्या मिरकाब भागातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होतो, आणि रस्त्यावरची वाळू हटवणाऱ्या एका कंत्राटी कंपनीची माणसं आमच्याकडे यायची. बरीचशी आमच्या रत्नागिरीकडची. त्यातच माझा सख्खा मोठा भाऊ.

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला पहिला मी. दादा सातवीनंतर गवंड्याच्या हाताखाली गेला, मग इकडे आला, म्हणून मी शिकलो. मी हे मिरवतो. दादा माझ्याहून जास्त मिरवायचा. त्याच्या टोळीत मला सगळे डॉक्टरच म्हणत. मी डॉक्टर नाही, हे सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

कंपनीने मला एका सकाळी कामावरच बोलावलं, फावडं कसं मारायचं ते दाखवायला. कंबर गेलेल्या माणसावर कंपनी उपचार करत बसत नसे, त्याला परत पाठवत असे. दादाला अजून एक कंत्राट हवं होतं. त्याची थोरली मुलगी दहावीला होती, आणि तिला माझ्यासारखं कॉलेजात घालायचं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

चूक मला लांबूनच दिसली. आपल्याकडचं फावडं आखूड दांड्याचं, वाकून स्वतःकडे ओढायचं. इथलं लांब दांड्याचं, पुढे ढकलायचं. आमची माणसं ते लांब फावडं पार पात्याजवळ धरून, गावच्या बांधावर उभी असल्यासारखी कमरेतून वाकत होती. शिवाय पाय न हलवता, नुसती कंबर पिळून वाळू बाजूला फेकत होती.

"दांडा वर धरा. कंबर नको, गुडघे वाकवा. जोर मांडीचा लावा. फावडं अर्धंच भरा. आणि फेकायचं तिकडे आधी पाऊल वळवा, मग फेका."

"गुडघे वाकवून करायचं तर बसूनच करू की," एक जण म्हणाला. "खुर्ची मिळंल काय, डॉक्टर?"

"गणपतीत जाखडी नाचता तेव्हा बरे वाकतात गुडघे. तेव्हा नाही खुर्ची लागत."

हशा झाला. मग मी तेच धरलं. बसमधून उतरलं की आधी जाखडीच्या चालीवर जागच्या जागी पाय मारायचे, अंग तापलं की फावड्याला हात लावायचा. कवायत म्हटलं असतं तर एकानेही केली नसती. केरळी फोरमन "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत राहिला, पण टोळी नाचली. नाचून झाल्यावर फावडीही बरीचशी नीट चालायला लागली.

दादा नाचला नाही. दांडाही त्याने वर धरला नाही. फावड्यावर शीग लावून वाळू भरत होता.

जवळ जाऊन हळूच म्हटलं, "दादा, अर्धं."

"ते त्यांना. मी अर्धं भरलं तर म्हणतील, भाऊ डॉक्टर, म्हणून हा सवलत घेतो."

"कोण म्हणतंय?"

"कुणी म्हणू नये म्हणूनच."

टोळीसमोर मोठ्या भावाच्या हातातलं फावडं काढून घेत नाहीत. आमच्यात तरी नाही. मी दवाखान्यात परत गेलो.

पुढे एका शुक्रवारी तो महबूल्यातल्या माझ्या खोलीवर जेवायला आला. दारात उभा राहिला तेव्हा डाव्या पायात चप्पल नव्हती.

"दादा, चप्पल?"

त्याने खाली बघितलं. "निघाली वाटतं."

त्याला पलंगावर आडवा केला आणि किल्लीचं टोक तळव्यावरून ओढलं.

"लागतंय?"

"नाय."

"आता?"

"झोपलाय रे तो पाय. होईल जागा."

कमरेतली नस दाबली गेली होती. मी जिना उतरून चप्पल शोधून आणली. पहिल्या वळणावरच पडली होती. हात धुतले, सुरमई तळली, आम्ही जेवलो. मला काही वाटत नव्हतं. भातात मीठ कमी आहे, एवढंच कळत होतं.

"काम बंद करायचं," मी म्हणालो.

"किती दिवस?"

"आता वाळू नाही उचलायची, दादा. कधीच."

तो काटे ताटाच्या कडेला लावत राहिला. मग म्हणाला, "थोरलीचं?"

"माझ्यावर."

"बरं," तो म्हणाला. "मासा चांगला होता."

उपचार झाले, पायात थोडी जान आली, पूर्ण आली नाही. कंपनीने त्याला परत पाठवलं. विमानतळाकडे निघताना मी त्याला चपलेऐवजी बूट घालायला लावले. लेस मीच बांधली, खाली बसून. नमस्कारही तिथेच उरकला.

विमानतळाच्या दारात मी बॅगेला हात घातला तसा त्याने तो बाजूला केला. बॅग जवळ ओढली, गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली, बॅग पोटाशी धरून उचलली. मग आधी पावलं वळवली, आणि त्यांच्यामागून अंग.

"असंच ना?"

"असंच."

तो आत गेला. मी त्याच्या डाव्या बुटाकडे बघत होतो. बूट पायात होता.