व्हायोलिनला लावलेली गोचीड

माझ्या धाकट्या जावेनं आमच्या घरातल्या बहुतेक वस्तूंना कधी ना कधी कान लावलेला आहे. स्वतःचा नाही. नाण्याएवढी पितळी चकती, तिला दोन तारा आणि तारांच्या टोकाला रेकॉर्डर. ही चकती ती मेणानं फ्रिजच्या पाठीला चिकटवते, जिन्याच्या कठड्याला चिकटवते आणि हेडफोन लावून बसून राहते. बाजारात याला काँटॅक्ट मायक्रोफोन म्हणतात. सासूबाई गोचीड म्हणतात.

“अगं, तुझी एक गोचीड माझ्या कपाटाला राहिलीय. काढ आधी. सगळं ऐकत असेल मेली.”

“आई, तिला बोलणं ऐकू येत नाही. हवेतलं तिला काही कळतच नाही. ज्याला चिकटते त्याची थरथर तेवढी कळते.”

“म्हणजे तुझ्या नवऱ्यापेक्षा बरी,” सासूबाई म्हणाल्या. “त्याला चिकटूनही कळत नाही.”

भाऊजी तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

जाऊ आधी एका कारखान्यात होती. गजराच्या घड्याळात ‘पीं’ करणारी जी चकती असते, ती तिथे व्हायची. पट्ट्यावरून येणारी प्रत्येक चकती वाजवून बघायची, हे हिचं काम. नऊ वर्षं पीं. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिनं तारा उलट्या बाजूनं स्पीकरला जोडल्या आणि चकती टेबलावर ठेवली. समोरची बाई डबा उघडत होती. तो डबा कुणीतरी किल्ल्याचा दरवाजा ढकलावा तसा वाजला. बोलणाऱ्या वस्तूला ऐकूही येतं, हे हिला त्या दिवशी कळलं. कारखाना बंद झाला तेव्हा लोकांनी जाता जाता पंखे नेले, खुर्च्या नेल्या. ही नापास चकत्यांचं पोतं घेऊन टॅक्सीतून आली. भाऊजींनी दार उघडलं, पोतं पाहिलं आणि दार परत लावून घेतलं.

पण पोतं कामाला आलं. आधी वादक यायला लागले. मोठ्या सभागृहात गिटार, चेलो ऐकू जात नाही, म्हणून त्यांच्या अंगाला चकती लावून द्यायची. नेमकी कुठे लावायची, यातच सगळी मेख आहे. दोन बोटं इकडे झाली की वाद्य रडकं, तिकडे झाली की खोकं. ही वाद्यावर हळूहळू टिचक्या मारत जाते, डॉक्टर पाठीवर मारतात तशा. मग चित्रपटवाले आले. त्यांना कुठेच नसलेले आवाज हवे असतात. आमच्या फ्रिजनं एका चित्रपटात हिमनग म्हणून काम केलं. सासूबाई थिएटरात मोठ्यानं म्हणाल्या, “बर्फ साचलाय त्याच्यात, किती दिवस सांगतेय!”

तरी हे सगळं अधूनमधून. एक महिना काम, तीन महिने टिचक्या. हिच्या थोरल्या बहिणीचं शिवणसामानाचं दुकान आहे, तिनं सरळ सांगून ठेवलं होतं, “पहिल्या तारखेपासून दुकानात येऊन बस. बटणं विकायला कान लागत नाहीत.” जाऊ हो म्हणाली होती. त्याच आठवड्यात एका दिग्दर्शकाचा फोन आला. त्याच्या चित्रपटात म्हातारा व्हायोलिनवादक होता आणि त्याला व्हायोलिन बाहेरून नको होतं, आतून हवं होतं. आपण त्या लाकडी पेटीत बसलोय असं प्रेक्षकाला वाटलं पाहिजे. एक दिवस काम करून दाखवा, जमलं तर अख्ख्या चित्रपटाचे आवाज तुमचे. म्हणजे वर्षभर. म्हणजे बटणं नाहीत.

स्टुडिओत वाजवायला व्हायोलिनचे एक नावाजलेले मास्तर आले. सत्तरीचे, ताठ, बूट चकचकीत. सोबत स्वरलिपीची पानं उलटायला दोन विद्यार्थिनी. एकीनं पाणी धरायचं, दुसरीनं व्हायोलिनची पेटी. जावेनं दहा मिनिटं टिचक्या मारून जागा शोधली आणि चकती चिकटवली. मास्तर वाजवायला लागले. काचेपलीकडे बसलेल्या दिग्दर्शकानं डोळे मिटले, आणि लगेच उघडले.

टक.

गज वळला की टक. वरचा सूर आला की टक. शेजारी साधा मायक्रोफोन उभा होता, त्यात काही नाही. चकतीत मात्र टक.

जावेनं चकती बदलली. टक. तार बदलली. टक. मेण काढून दुसरं लावलं. टक. तिसऱ्या वेळी दिग्दर्शक काचेपलीकडून म्हणाला, “ताई, या चकत्या घरी बनवलेल्या आहेत ना?” त्याला ते वाईट अर्थानं म्हणायचं होतं.

“वाद्याचा एखादा सांधा सुटला असेल,” जाऊ म्हणाली.

“या वाद्यानं माझ्या आजोबांच्या हातात असला आवाज केला नाही, वडिलांच्या नाही, माझ्या नाही,” मास्तर म्हणाले. “तुमच्या डबीला पाहून करायला लागलं असेल.” विद्यार्थिनी हसल्या.

जावेनं व्हायोलिन मागून घेतलं. हनुवटीखाली न धरता, मांडीवर ठेवून तारांवरून गज ओढला. आवाज भयंकर आला, पण टक नाही. “आता हनुवटीखाली नुसतं धरा, मास्तर. वाजवू नका.” त्यांनी धरलं. शांत. मग विद्यार्थिनीनं पाण्याचा पेला पुढे केला. मास्तरांनी घोट घेतला, गिळला.

टक.

जावेला तो आवाज पाठ होता. एका मालिकेसाठी तिला घोडा हवा होता, तेव्हा तिनं सासूबाईंच्या हनुवटीला चकती लावून त्यांना अर्धा तास चावायला लावलं होतं. ती अख्खी दौड सासूबाईंच्या सैल कवळीची होती.

दिग्दर्शकानं विचारलं, “सापडलं का?”

मास्तरांनी हनुवटी उचलली आणि तिच्याकडे पाहिलं. जाऊ म्हणते, पाहिलं नाही, धमकावलं.

“सापडलं,” जाऊ म्हणाली. “माझीच चकती सैल आहे. पाच मिनिटं द्या. मास्तर, वाद्य घेऊन जरा इकडे या.”

इकडे म्हणजे तारांची भेंडोळी ठेवायची खोली. दार लावल्यावर मास्तर म्हणाले, “बाहेर एक शब्द काढलात तर वाद्य पेटीत घालून निघून जाईन.”

“काढला नाही ना.”

“बायकोशिवाय कुणाला माहीत नाही.”

“खालची की वरची?”

“...वरची. हल्ली हलते.”

“मग ती काढून वाजवा.”

“बाई, कवळी काढल्यावर माणसाचं तोंड कसं दिसतं, ठाऊक आहे?”

“रोज सकाळी बघते. आमच्या सासूबाई त्याच तोंडानं मला बोलतात.”

मास्तरांनी दाराची कडी लागलीय का ते पाहिलं. मग रुमाल काढला, भिंतीकडे वळले आणि पुन्हा वळून आले तेव्हा दहा वर्षांनी मोठे होते. जावेनं चकतीला हातही लावला नाही. बाहेर येऊन तिनं दिग्दर्शकाला सांगितलं, मास्तरांना भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागेल, आवाज परतून येतो. असं काही नसतं. दिग्दर्शकानं ‘ते तर आहेच’ अशी मान हलवली.

वाजलं ते स्वच्छ. लाकडाचा श्वास ऐकू यावा इतकं. विद्यार्थिनींनी टाळ्या वाजवल्या, मास्तरांनी पाठमोरे राहूनच मान झुकवली.

निघताना दिग्दर्शक म्हणाला, “आवाज छान आला, ताई. पण एक सैल चकती शोधायला चार तास? पुढचं मी परदेशी मायक्रोफोनवाल्याकडून करून घेतो.” मास्तर तेव्हा पेटीचे खटके लावत होते. दोन खटके होते, त्यांना बराच वेळ लागला.

घरी येऊन तिनं मला हे ओट्याशी सांगितलं, नावगाव वगळून. मी म्हटलं, “वेडी आहेस. एक शब्द बोलायचा होतास.”

“कोणता शब्द, वहिनी?” ती म्हणाली आणि भांडी विसळायला लागली.

पहिल्या तारखेला ती दुकानात गेली. बहिणीनं तिला बटणांच्या काउंटरवर बसवलं. गिऱ्हाईक नसलं की ही काचेवर टिचक्या मारायची. बहिणीनं दोनदा समज दिली.

तिसऱ्या आठवड्यात मास्तरांना उरलेलं वाजवायला बोलावलं होतं. नव्या माणसानं परदेशी काँटॅक्ट मायक्रोफोन व्हायोलिनला चिकटवला, मास्तर वाजवायला लागले. टक. माणसानं तो बदलला, यंत्र बदललं, शेवटी खोली बदलली. टक.

“त्या बाईंना बोलवा,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, त्यांच्या चकत्या सैल असतात,” दिग्दर्शक म्हणाला.

विद्यार्थिनी दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. एकीच्या हातात पाणी होतं. मास्तरांनी व्हायोलिन काखेत धरलं, तोंडात बोटं घातली, कवळी काढली आणि पानांच्या स्टँडवर, वाजवायच्या सुरांवर ठेवली.

“शैल ही आहे,” ते म्हणाले. दातांशिवाय त्यांचा ‘स’ गेला होता. “त्यांची चकती नव्हती.”

हल्ली मास्तर हे स्वतःच चारचौघांत सांगतात, म्हणून मीही लिहिते आहे.

दिग्दर्शकाचा फोन आला तेव्हा जाऊ कुणाला तरी कोटाची बटणं दाखवत होती. त्यानं सगळं सांगितलं, माफी मागितली, आणि सगळ्या चित्रपटाचं काम तुमचंच, म्हणाला. जावेनं मध्येच विचारलं, “मास्तर आता कुणाकडे तोंड करून उभे आहेत?”

“आमच्याकडेच.”

“बरं. येते,” ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाच्या हातात बटणांचा डबा तसाच ठेवून निघाली.