बेटावरचे बोंबील कोणी आवरले?

या सदरातले अनुभव मी जेवताना वाचते आणि मनातल्या मनात लिहिणाऱ्याची टर उडवते, हे आधीच सांगून टाकते. पांढरी साडी, कुत्र्याचं रडणं, वडाखालचा म्हातारा… छे! मी तारापूर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. रिपोर्ट जुळला नाही तर भूत शोधायचं नसतं, पिपेट तपासायची असते, एवढं मला पक्कं कळतं. पण गेल्या थंडीत आमच्या घरी जे झालं ते कुठल्याच पिपेटवर ढकलता येईना. म्हणून लिहितेय. हसायचं त्यांनी खुशाल हसा, मीही हसले असते.

आम्ही बोईसरला राहतो. नवापूर रोडच्या आत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी मूळची साताऱ्याकडची. नवरा नितेश इथलाच, किनाऱ्यावरचा. पाम-टेंभी ओलांडून पुढे गेलं की समुद्राला लागून त्यांचं गाव आहे. तिथे माझ्या सासूबाई आणि त्यांची धाकटी जाऊ हिराकाकी अशा भिंतीला भिंत लावून राहतात. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, आता नाहीत. दोघींनी मिळून जन्मभर मासळी सुकवली आणि विकली. लग्न होऊन मी आले तेव्हा मला वाटलं होतं या सख्ख्या बहिणीच आहेत, इतकं एकमेकींना टोचून बोलायच्या!

पावसाळा संपता संपता आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) ओल्या ओट्यावरून घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. पालघरला ऑपरेशन झालं आणि नितेशने त्यांना सरळ आमच्या फ्लॅटवर आणलं. इथेच ठिणगी पडली. हिराकाकीचं म्हणणं, मी जिवंत असताना वैनीला बोईसरला कशाला नेता? माजे हात काय झडले? आणि आईंनी, दुखण्याच्या भरात, हॉस्पिटलच्या खाटेवरूनच सुनावलं, "तुला तुजं सवताचं आवरत नाय, माजं काय करशील?"

झालं. काकी उठून गेल्या त्या गेल्याच. मग अबोला.

तुम्ही म्हणाल, अबोला तर घरोघरी असतो. पण आईंना तो किती लागला होता ते मी रोज बघत होते. फोन उशाशी. वाजला की आधी नाव बघायचं, मग चेहरा पाडायचा. "काकीला लावून देऊ का?" विचारलं की फणकारायच्या, "तिनं करावा. धाकटी हाय ती." जेवण निम्मं टाकायच्या. फिजिओवाली आली की भिंतीकडे तोंड. डॉक्टर म्हणाले, चालायला लागायला हवं, नाहीतर कायमच्या बसतील. आणि आई म्हणायच्या, "चालून कुटं जाऊ? तितं वाट बघनारं कोन हाय?"

आता तो गेम. माझ्याकडे हातात धरून खेळायचा एक कन्सोल आहे, माझ्या हौसेचा. त्यात एक अगदी गोडुला गेम — नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आपलं एक बेट असतं. तिथे घर बांधायचं, झाडं लावायची, गळ टाकून मासे धरायचे. शेजारी म्हणून दोन पायांवर चालणारी जनावरं. मारामारी नाही, हरणं नाही, काही नाही. लॅबमधून डोकं पिकून आले की मी तासभर तिथे फुलांना पाणी घालते. नितेश चिडवतो, "घरातली तुळस वाळली, तिकडे बाग फुललीय!"

एक दिवस आईंनी बाजूला बसून बघितलं. गळ टाकला, टुप्प आवाज आला, मी बटण दाबायला उशीर केला, मासा गेला.

"आन हिकडं," आई म्हणाल्या.

तो दिवस आणि पुढचे कितीतरी दिवस, कन्सोल काही माझ्या हाताला लागला नाही बाई! मी त्यांना त्यांचं वेगळं बेट करून दिलं. इंग्रजी वाचता येत नाही, काही अडलं नाही. शेजाऱ्यांना त्यांनी स्वतःच नावं ठेवली. बकरी होती ती 'आगाव', अस्वल 'भाऊ' आणि बदक 'शेवंता'. दिवसभर त्यांच्याशी गप्पा. "काय गो आगाव, जेवलीस का?" मी स्वयंपाकघरातून ऐकून एकटीच हसायचे.

पण त्या गेममध्ये जगात कोणी करत नसेल असं एक काम त्यांनी केलं. मासे विकायचे असतात, नाहीतर शोभेला मांडायचे. आईंनी ते वाळूवर सुकत घातले! त्या गेममध्ये बोंबीलच नाही, तर जो लांबडा मासा लागेल तो बोंबील. जमिनीवर ठेवला की मासा काचेच्या पेटीत दिसतो. त्यावर किती बडबड! "झाकन काड ना याचं. काचंत कसं सुकंल?" मी समजावलं की आई, हे सुकत नाही, कुजत नाही, असंच राहतं. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी वरण ढवळायला निघून गेले.

आणि गेममध्ये पाऊस आला की नुसता गोंधळ. "आवरा गो, आवराऽऽ!" म्हणून हाक मारायच्या — तिसऱ्या मजल्यावरच्या सोफ्यावरून! — आणि एकेक मासा उचलून घरात न्यायच्या. बकरी तिथेच गाणं म्हणत उभी. आई वैतागायच्या, "कसली मानसं ही! शेजारनीचा माल भिजतोय आनि ही गाती हाय!"

तेव्हा मला त्यांनी गावची रीत सांगितली. आभाळ ज्या बाईला आधी दिसेल तिने हाक द्यायची. हाक ऐकली की असेल तिथून धावायचं आणि समोर ज्याचा माल असेल तो आवरायचा — आपला-परका बघायचा नाही. वाटणी मागाहून. "जिच्याशी सात जन्माचं भांडान, तिचं पन आवरायचं," आई म्हणाल्या. आणि मग फोन उचलून बघितला.

तर, त्या दिवशी माझी सुट्टी होती. नितेश कामाला पालघरला गेला होता. सकाळचं लख्ख ऊन. कन्सोल रात्रभर फ्रिजवर चार्जिंगला होता, वॉकर धरून चालणाऱ्या आईंचा हात तिथे पोचणं शक्य नाही. मी तो काढून त्यांच्या हातात दिला आणि पोहे भिजवायला गेले.

"पल्लवी! माजे बोंबील कुनी उचलले?"

मी आले, बघितलं. आदल्या संध्याकाळी वाळूवर ओळीने मांडलेले मासे… एकही नव्हता. सगळी वाळू मोकळी. आणि त्या सगळ्या पेट्या आईंच्या बेटावरच्या घराच्या दारात, एकीला एक खेटून, नीट लावून ठेवलेल्या. बाजूला बकरी, अस्वल, बदक तिघं उभी. एरवी ही तिघं तीन दिशांना असतात.

पहिला संशय अर्थातच नितेशवर. फोन केला. तो म्हणाला, "मला तो चालू कुठून करतात ते तरी माहीत आहे का?" खरं आहे, नाही माहीत. आणि त्या गेममध्ये शेजारी आपल्या वस्तू उचलतच नाहीत. मी वर्षानुवर्षं खेळतेय. नाही म्हणजे नाही!

मी बटणं दाबून बघत होते, पण आई स्क्रीनकडे बघतच नव्हत्या. खिडकीकडे बघत होत्या. "आवरलंय त्यांनी," त्या म्हणाल्या. "पाऊस येतोय. हिराचा माल भायेर असंल."

मी मोबाईलवर हवामान दाखवलं. सूर्याचं पिवळं चित्र, दिवसभर. बाहेरही ढगाचा ठिपका नाही. गॅलरीत माझे धुतलेले कपडे वाळत होते.

"आई, गेममधल्या बकरीचं ऐकून काकीला फोन करणार? बोलत नाही ना तुम्ही?"

"बोलनं येगलं. पाऊस येगला. लाव फोन."

त्यांच्याच फोनवरून लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. परत तेच. आईंनी फोन मांडीवर ठेवला, आणि ज्या बाईला मी हाड मोडल्यावरही रडताना पाहिलं नव्हतं, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "माल भिजला तरी चालंल तिला," त्या म्हणाल्या, "पन माजा फोन उचलायचा नाय. तुटलं गो. तुटलं समदं."

मला काकीचा असा राग आला! आणि माझा राग म्हणजे काय, नितेशला विचारा. मी माझ्या फोनवरून लावला. या वेळी उचलला. पण पलीकडून शब्द नाही, नुसता श्वास.

"काकी, मी पल्लवी. आई बोलतायत, जरा ऐकून तरी घ्या."

"कोन?" आवाज अगदी बारीक. "कोन बोलतंय म्हनालीस?"

"आई! तुमच्या वैनी!"

आणि काकींनी हंबरडाच फोडला. माझ्या हातातून आईंनी फोन ओढला. "हिरा! रडतेस काय? पाऊस येतोय, माल आवर!"

"आवरलाय वैनी," एवढंच ऐकू आलं. "सगला आवरलाय." मग नुसतं रडणं, आणि फोन बंद.

भिजवलेल्या पोह्यांचा लगदा झाला. आणि मग, दुपार व्हायच्या आत, समुद्राकडून अंधारून आलं आणि अवकाळी असा कोसळला की समोरची बिल्डिंग दिसेना. माझे कपडे चिंब. सांगायचं म्हणजे, घरात हवामानखातं बसलेलं असून मी ते आत घेतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हिराकाकी. तीन जिने चढून धापा टाकत, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. माझ्याशी बोलल्या नाहीत, सरळ आत गेल्या, आईंसमोर बसल्या आणि त्यांचा हात कोपरापासून बोटांपर्यंत चाचपला. मग चिमटा काढला.

"आई ग! मेले, काय करतेस?" आई ओरडल्या.

तेव्हा कुठे काकी बोलल्या. काल सकाळी त्या आतमध्ये भाकरी थापत होत्या. आणि बाहेरून हाक आली. "आवरा गो, आवराऽऽ!" आईंच्या ओट्यावरून. आईंच्या आवाजात.

"तुजाच आवाज वैनी. शेवटाला लांबवतेस तसाच. मी एकटीनं नाय, आख्ख्या आळीनं आयकला. समद्या धावल्या. ऊन होतं तरी कुनी इचारलं नाय, हाक आली म्हनजे आली. आवरलं. आनि मी… मला वाटलं तू आलीस. राग-बिग काय राह्यला नाय. पिठाच्या हातानं धावत तुज्या ओट्यावर गेले." काकी थांबल्या. "दाराला कुलूप. कुनी नाय."

आईंनी कन्सोल बाजूला ठेवला.

"मंग मनात नको ते आलं. मानूस आसं कवा हाक मारतं, सांग? मी थितंच बसले पायरीवर. आनि फोन वाजला. तुजं नाव. म्हटलं, हे आता कलवनार. तुज्या फोनावरनं कुनीतरी सांगनार की… मी उचललाच नाय. नाय उचलला तर खरं व्हनार नाय आसं वाटलं."

मी दारात उभी होते. तशीच चहा ठेवायला गेले आणि गॅसपाशी उभी राहून मनसोक्त रडले.

नंतर मी माझ्या परीने सगळं केलं. गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं, लोक म्हणाले बग असेल, नाहीतर घरातलं कोणी खेळलं असेल. कोण? गावात जाऊन आळीतल्या बायकांना एकेकटीला विचारलं. सगळ्यांनी तोच ओटा दाखवला. आईंनी त्या सकाळी हाक मारली नव्हती, मी समोर होते. कोणीतरी नक्कल केली म्हणावं, तर लख्ख उन्हात पावसाची हाक कोण देईल? आणि कन्सोलमधल्या जनावरांनी मासे का उचलावेत, हे तर विचारायलाही लाज वाटते. मला माहीत नाही. लॅबमध्ये असं लिहिलं तर नोकरी जाईल, पण इथे लिहिते — मला खरंच माहीत नाही. आईंना मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "हाक गेली, झालं," आणि त्यांना त्यात विचित्र असं काही वाटलंच नाही.

काकी आल्या त्या दिवशी मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा त्या आईंच्या दुखऱ्या पायाला हळूहळू तेल चोळत होत्या. आईंनी फिजिओवालीला कधी हात लावू दिला नव्हता. मग आईंनी काकींच्या डोक्यावर एक टप्पल मारली.

"पुडल्या येलंला फोन उचल गो," आई म्हणाल्या. "मी मेले तरी तुला फोन मीच करीन."