आमच्या वायफायवरचा पाहुणा

जळगावातल्या एका कारखान्याचं नेटवर्क मी सांभाळतो. दिवसभर तेच करून घरी आलं की राउटरचं तोंड बघायची इच्छा होत नाही. मागच्या हिवाळ्यात टीव्हीवर मालिका अडकायला लागल्या. बायकोनं दोनचार दिवस वाट पाहिली आणि मग विचारलं, लोकांची दुखणी बरी करता, घरच्याला डॉक्टर बाहेरून आणू का? मला राग आला, पण म्हणणं खरं होतं.

रविवारी लॅपटॉप घेऊन बसलो आणि घरातून जाणारी-येणारी सगळी वाहतूक पकडून ठेवली. त्यात जादू नसते. वायफायवरची प्रत्येक वस्तू सारखा कुणाचा ना कुणाचा पत्ता विचारत असते. पुढे काय बोलणं झालं ते कुलूपबंद, पण पत्ता कुणाचा विचारला ते बहुतेक वेळा दिसतं, आणि त्यावरून विचारणारा ओळखायचा. टीव्ही ओळखला, तो बंद असतानाही आपल्या कंपनीला चुगल्या करत असतो. बायकोचा फोन, माझा फोन, मायचा कीर्तनं ऐकायचा टॅब, सगळे ओळखले. मालिका अडकायचं कारणही सापडलं. मायनं राउटर लोखंडी कपाटामागे सरकवून ठेवला होता, कारण त्याचे दिवे तिच्या डोळ्यांत खुपायचे.

एक मात्र उरला. संध्याकाळी यायचा, थोडा वेळ थांबायचा आणि निघून जायचा. कुणीतरी फुकटात आमचं नेट वापरतंय म्हणून मी पासवर्ड बदलायला निघालोच होतो. मग म्हटलं, आधी कोण ते कळू दे, चार शब्द सुनावता तरी येतील. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो, लवकर जेवून घेतलं आणि लॅपटॉप उघडून बसलो.

आला. आल्या आल्या त्यानं एका वेबसाइटच्या नावाचा पत्ता विचारला. उत्तर गेलं, असं नाव जगात कुठेही नाही. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा तेच नाव विचारलं.

ते नाव मी ठेवलेलं होतं. नशिराबादकडच्या आमच्या केळीच्या शेतात ठिबक बसवलं, तेव्हा कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे भाऊच्या लक्षात राहायचं नाही. भाऊ म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याच्यासाठी मी एक छोटं ॲप केलं होतं. ते रोज त्या नावाच्या माझ्या सर्व्हरला विचारायचं आणि भाऊला आजचं पाणी सांगायचं. जगात ते एकाच फोनवर होतं. वाटणी झाली, शेत त्याच्याकडे गेलं आणि मी ते नाव बंद केलं.

भांडण कशावरून झालं ते सांगायला बसलो की अजूनही मीच बरोबर निघतो, म्हणून सांगत नाही. वडिलांनी बांधलेल्या घरात मधोमध भिंत उभी राहिली. पलीकडे तो, अलीकडे आम्ही आणि माय. जिना त्याच्या बाजूला गेला, नळ आमच्या. तेव्हापासून अबोला. रस्त्यात समोरासमोर आलो तर दोघंही गाडीचा वेग वाढवतो.

त्याच्याकडे स्वतःचं नेट आहे. त्याचा दिवाणखाना पार रस्त्याच्या बाजूला. आमच्या राउटरची रेंज तिथवर जात नाही. ती जाते फक्त जिन्यापर्यंत, आणि जिना आमच्या भिंतीला लागून आहे. फोन जुना, आमचा पासवर्ड वाटणीआधीचा, भाऊ जिन्यात येऊन बसला की फोन आपोआप आमच्या घरात येत होता. भाऊला त्याचा पत्ताही नसणार. हिवाळ्याच्या संध्याकाळी तो त्या गार फरशीवर काय करत बसतो, हे काही मला कळेना. पण तो भिंतीपलीकडे हातभर अंतरावर बसलाय, एवढं कळल्यावर मी पासवर्ड बदलायचा विचार सोडला. मला त्याची फार आठवण येत होती, आणि हे मी कुणापाशी बोललो नव्हतो.

भिंतीच्या आमच्या बाजूला मायची खाट. माय संध्याकाळी ज्वारी निवडत बसते आणि बोलत सुटते. आज भाजी काय केली, मी किती उशिरा आलो, तिचा गुडघा कसा आहे, सगळं बठ्ठं. आणि इतक्या मोठ्यानं, की मी कितीदा तरी तिच्यावर वैतागलोय. आम्ही मूळचे धुळ्याकडचे, घरात बोली तिकडचीच. मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, माय, भाऊ जिन्यात येऊन बसतो.

तिनं सुपातून डोकं वर केलं नाही. "माले माहीत शे. रोज येस तो."

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. ती म्हणाली, "मंग इतलं जोरमा मी कोनाकरता बोलस?"

मी तिथेच खाली बसलो. भिंत समोर होती. तिला रंग द्यायचं आम्हा दोघांनाही कधी सुचलं नव्हतं, नुसतं प्लास्टर. काय बोलावं? माफी मागावी तर कशाची, ते आधी ठरवावं लागलं असतं. शेवटी वाटणीआधी जे रोज दारात भेटल्यावर विचारायचो तेच तोंडातून निघालं. "भाऊ, जेवन व्हयनं का?"

मायचे हात सुपात थांबले. मला वाटलं, आता भाऊ उठून जाईल आणि उद्यापासून येणारही नाही.

मग त्याचा आवाज आला. माझ्याशी नाही, मायशी. "माय, त्याले सांग, आजून नही. त्यानी वहिनी भाकरी टाकी राहिनी. त्यानं व्हयनं का इचार."

मायनं माझ्याकडे तोंड केलं आणि मी बहिरा असल्यासारखं, शब्दन् शब्द मला पुन्हा सांगितलं.

मी जेवून उठलो होतो. हाताला अजून भाजीचा वास होता. मी मायला म्हटलं, "त्याले सांग, मनं बी आजून नही."