मोहाच्या झाडाखाली डोळे मिटून

काही नोकऱ्यांत पगार कमी आणि किस्से जास्त मिळतात. आमची तसलीच होती. कापसानं जिल्ह्याला रडवलं त्या वर्षांत आम्ही पांढरकवड्याच्या पलीकडच्या एका गावात लोकांकडून ध्यान करून घ्यायला जायचो. आम्ही म्हणजे मनाचे डॉक्टर पाठक सर, समुपदेशक मी आणि जीप चालवणारे गजूभाऊ. सरांचा हट्ट एकच, ध्यान समाजमंदिरात नको, झाडाखाली करायचं. कल्पना चांगलीच होती, फक्त गावानं ती आपल्या पद्धतीनं घेतली!

पहिल्या दिवशी नाल्याकाठच्या मोहाखाली सगळे गोल करून, डोळे मिटून बसले. रस्त्यानं एक म्हातारा चालला होता. तो थांबला, टोपी काढली आणि मान खाली घालून मागे बसला. बऱ्याच वेळानं शेजारच्याला हळूच म्हणाला, "कोण गेलं जी?"

"कोणीच नाही, बावा."

"मंग भरदुपारी असे कायले बसून राह्यले?" भडकलाच तो!

आम्ही हसलो, पण तो प्रश्न उगाच नव्हता. दिवाळीच्या आधी त्याच गावातल्या एका तरुणानं जीव दिला होता. त्याचा जिवलग दोस्त मनोहर. पुढे मनोहरनंही तेच करायला घेतलं. त्याच्या बायकोनं, शांतानं, वेळेवर पाहिलं म्हणून वाचला. तेव्हापासून तो बोलेना आणि ती झोपेना. रात्रभर त्याच्या उशाशी बसून राहायची. खरं सांगते, आम्ही त्या गावात पुन्हा पुन्हा गेलो ते या मनोहरसाठी.

* * *

दुसऱ्या खेपेला सर म्हणाले, "श्वास खोल घ्या. अगदी पोटापर्यंत जाऊ द्या."

कोणी घेईना. सरांना वाटलं, लाजतात. ते पुन्हा म्हणाले, आणखी गोड आवाजात. शेवटी एक काकू वैतागल्या, "सर, बाजूच्या वावरात औषधाचा फवारा मारून राह्यले. कायले खोल घेऊ?"

सगळी मंडळी उठून नाल्याच्या पलीकडे गेली आणि तिथं जाऊन श्वास घेतला.

* * *

सरांच्या पुस्तकात होतं की डोळे मिटून आवडती जागा आठवायची. सर शहरातले. ते म्हणाले, "आपलं शेत आठवा. पांढरंशुभ्र, फुललेलं."

झालं! पटापट सगळ्यांचे डोळे उघडले. "बोंडात अळी दिसते जी." "वेचाले बाया नाही भेटत." "भाव कुठी हाये?" अर्धा तास नुसता गलका. मला सरांचा असा राग आला! जीपमध्ये मी म्हटलं, "उद्या तुम्हाला तुमचं ऑफिस आठवायला सांगते." त्यानंतर आवडती जागा अभ्यासक्रमातून गेली.

* * *

एकदा वरचे साहेब व्हिजिटला आले. त्यांनी एका आजोबांना विचारलं, "हे लोक तुम्हाला शिकवतात तरी काय?"

"काहीच न करता बसाचं शिकवून राह्यले जी. लय कठीण हाये."

साहेब कौतुकानं मान हलवत गाडीत बसले. गजूभाऊ माझ्या कानात म्हणाले, "साहेबाले ट्रेनिंगची गरज नाही."

* * *

शांता प्रत्येक सेशनला यायची, पण डोळे कधीच मिटायची नाही. मनोहरच्या मागे बसायची आणि त्याच्या पाठीकडे टक लावून पाहायची. तिचे डोळे लालभडक असायचे. मी चिडून एकदा म्हटलं, "ताई, तुम्हालाही थोडी विश्रांती हवी. मिटा ना डोळे!"

"तुमी मिटा, मॅडम. एकीनं तरी उघडे ठेवा लागते."

त्या दिवशी मी घरी जाऊन रडले.

* * *

मग एक दिवस रानडुकरं आली. त्या दिवशी सर सांगत होते, "जो आवाज येईल तो फक्त ऐका. त्याच्यामागे जाऊ नका." सगळे शांत. तेवढ्यात पलीकडच्या तुरीत सळसळ झाली. सरांचं वाक्य संपायच्या आत ध्यानातली सगळी मंडळी आरडाओरडा करत तुरीत! सगळ्यांत पुढे मनोहर, त्याच्यामागे पदर खोचून शांता, आणि सर एकटेच मोहाखाली, डोळे मिटून.

मनोहर धापा टाकत परत आला. "सर, म्या ऐकलं बी अन् हाकललं बी!" तोवर आम्ही त्याचा आवाज ऐकलाच नव्हता. सर इतके खूश झाले की त्यांनी डुकरांचे आभार मानले.

* * *

त्यानंतर थंडीत गेलो तेव्हा वेचणी शेवटाला आली होती. शांता सकाळपासून कापूस वेचून थेट वावरातून आली. कमरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली. नेहमीसारखी मनोहरच्या मागे बसली, मोहाच्या बुंध्याला टेकून.

ध्यान संपलं. सर म्हणाले, "हळूहळू डोळे उघडा." सगळ्यांनी उघडले. शांता गाढ झोपली होती. तोंड उघडं, मान एका बाजूला कललेली. एक बाई तिला हलवायला गेली, तर मनोहरनं त्या बाईचा हात धरला. शांताच्या तोंडावर ऊन आलं होतं. तो उठला आणि त्या उन्हाला आडवा येऊन उभा राहिला.

हळूहळू सगळे घरी गेले. गजूभाऊंनी हॉर्न न वाजवता जीप वळवली. सर त्याच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "मनोहरभाऊ, आम्ही निघतो. उठवायचं का त्यांना?"

"नका जी," तो म्हणाला. "झोपू द्या तिले. मी हाओ ना जागा."