चौरंगावरून उचललेला लॅपटॉप

"हे तुझं हत्यार नाहीये. तुझं हत्यार मिठागरात असेल. ते आण."

असं म्हणून त्याने चौरंगावरचा लॅपटॉप उचलला. मी त्यावर नुकतंच हळदकुंकू वाहिलं होतं. दोन तांदूळ आणि झेंडूचं एक फूल. फूल खाली पडलं, त्याच्या चपलेखाली आलं.

खंडेनवमी होती. पेणचा गणपतीचा कारखाना. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक जण आपलं हत्यार चौरंगावर मांडतो. कोरणारे कोरण्या ठेवतात, रंगारी ब्रश ठेवतात, स्प्रे मारणारा गन ठेवतो. नाना गणपतीचे डोळे आखतात, कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर तेच. त्यांचा ब्रश सर्वात पुढे. एकदा मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत तिथेच राहतं आणि ज्याचं त्यानेच उचलायचं. दुसऱ्याने हात लावायचा नाही. हा नियम कारखान्याचे मालक मोठे शेठ, त्यांच्या आजोबांपासूनचा. माझ्या बाबतीत तो मोडला आणि कोणी हूं की चूं केलं नाही.

मोडणारा मोठ्या शेठचा मुलगा. आम्ही त्याला छोटे शेठ म्हणतो. पुण्याला शिकून आलेला, 'नाहीये' आणि 'आहे ना' असं बोलणारा. त्याने हाताशी असलेलं फडकं घेतलं आणि लॅपटॉपवरचं कुंकू पुसलं. आता कारखान्यातलं फडकं म्हणजे थिनरचं फडकं. आम्ही सगळं थिनरने पुसतो. ब्रश, हात, फरशी. एकदा नानांनी चष्मा पुसला होता. लॅपटॉपच्या झाकणाचा काळा रंग फडक्यावर आला आणि झाकणावर तळहाताएवढा पांढरा डाग उमटला.

सगळ्यांनी पाहिलं. त्यानेही पाहिलं. त्या दिवशी पूजेला बाहेरचे दोन व्यापारी आले होते. तो त्यांच्याकडे वळून म्हणाला, "बघा. खाऱ्या हाताची माणसं. हात लावतील तिथे गंज."

व्यापारी हसले. मोठे शेठ हसले. मी नानांकडे बघितलं. नाना खाली बघत होते. मग हळूच म्हणाले, "गप र्‍हा गो. सणाचा दिस हाय."

मी गप्प राहिले. एवढंच नाही, नंतर प्रसादाचं ताट मीच फिरवलं. त्याच्याही हातावर पेढा ठेवला. आजही ते आठवलं की मला माझाच राग येतो.

माझं हत्यार कुठलं ते आता सांगते. माझं गाव कासू स्टेशनपासून आत, खाडीच्या अंगाला. आईची सगळी उमर मिठागरात गेली. बांध फुटला, खाडीचं पाणी आत आलं ते गेलंच नाही, आणि मिठागर बंद पडलं. मी तेव्हा शाळेत होते. आईच्या हाताला भेगा होत्या. त्यात मीठ जायचं, आणि ती जेवताना उजवा हात जरा उचलूनच धरायची. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया अशा जेवतात.

कासूच्या फलाटावर उभं राहिलं की एका बाजूला पेण, दुसऱ्या बाजूला रोहा. मी आधी रोह्याची गाडी पकडली. तिथल्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटरवर मूर्ती घडवायला शिकले. मातीसारखंच असतं. आधी गोळा, मग पोट, मग सोंड. फक्त हाताला चिकटत नाही. मग पेणची गाडी पकडली. या कारखान्यात कॉम्प्युटरवर गणपती घडवणारी मी एकटी. मी घडवलेला गणपती थ्रीडी प्रिंटरमधून बाहेर येतो, त्यावरून रबराचा साचा करतात, आणि त्या साच्यातून शेकड्याने गणपती निघतात. कॅटलॉगमध्ये त्यांच्याखाली 'संकल्पना' म्हणून छोटे शेठचं नाव असतं.

मग लॅपटॉप कोणाचं हत्यार? लॅपटॉप कारखान्याचा होता, कबूल. पण कोरण्याही कारखान्याच्याच होत्या. स्प्रे गनही कारखान्याची. ती माणसं ज्याने काम करतात ते त्यांचं हत्यार. मी ज्याने काम करते ते मात्र 'आपलं मशीन'. का? कारण महाग होतं म्हणून. आणि मी खाडीकडची म्हणून. दुसरं कारण मला तरी सापडलेलं नाही.

वर्षभर तो डाग माझ्यासमोर होता. कोणी नवीन गिऱ्हाईक आलं की छोटे शेठ तो दाखवायचे. "आमच्या मुलीच्या हाताचा प्रताप." गिऱ्हाईक माझ्या हातांकडे बघायचं. मी हात टेबलाखाली घ्यायचे. थिनर त्याचा, आणि हात लपवायचे मी!

या वर्षी विसर्जन झालं, आणि त्याच लॅपटॉपचं नवीन मॉडेल आलं. छोटे शेठच्या डोळ्यात ते भरलंय, हे मी तेव्हाच ओळखलं. मला म्हणाले, "तू रोह्याला जातेस ना मावशीकडे? तिथल्या दुकानात आलाय. बघून ये. घेण्यासारखा आहे का सांग."

मला, खरं सांगते, बरं वाटलं. विचारतोय तरी. मी मूर्खासारखी पेन ड्राइव्हवर माझा सर्वात जड गणपती घेतला, प्रभावळीवर वेलबुट्टी असलेला, आणि रविवारी रोह्याला गेले.

दुकानदाराने काउंटरवर दोन्ही मांडले. गेल्या वर्षीचा आणि नवीन. झाकण तेच. पडदा तोच. बटणं तीच, बिजागरी तीच, चार्जर घालायची भोकंसुद्धा तिथेच. आतली चिप नवीन, आणि एक नवा निळसर रंग. नावापुढचा आकडा एकाने वाढलेला. मी दोन्हींत माझा गणपती उघडला. फिरवला. वेलबुट्टी जवळ घेतली. नवीनमध्ये तो किंचित आधी तयार होतो, व्हय, पण तेवढ्यात पदर सावरून होत नाही. बॅटरी दोघांची सारखी. पंख्याचा आवाज सारखा.

"काय भाऊ, फरक काय ह्याच्यात?" मी विचारलं.

दुकानदार प्रामाणिक निघाला. म्हणाला, "ताई, नवीन म्हंजे नवीन हाय. आनि काय सांगू?"

माझं मत तिथेच पक्कं झालं. ज्याच्याकडे काहीच नाही किंवा फारच जुना आहे, त्याने गेल्या वर्षीचा घ्यावा. ज्याच्याकडे गेल्या वर्षीचा आहे, त्याने गप काम करावं. ज्याला मिरवायचं आहे त्याने नवीन घ्यावा, आणि लोकांना कारणं सांगू नयेत.

सोमवारी मी छोटे शेठना हेच सांगितलं. जरा सौम्य करून. "घेऊ नका. आहे तो चांगला चालतोय. तोच हाय, फक्त रंग येगला."

ते हसले. "बरं," म्हणाले.

त्याच आठवड्यात मोठ्या शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर खोका. निळसर रंगाचा नवीन लॅपटॉप बाहेर काढलेला, पडद्यावरचं प्लास्टिक अजून तसंच. बाजूला माझा, डागवाला. छोटे शेठ खुर्चीत मोबाईल बघत बसलेले.

मोठे शेठ म्हणाले, "काय गो, तूच म्हनालीस ना, जुना चालत नाय म्हनून? आनि तुझ्या हातानं खराब झाला तो? ह्यो म्हनतो, पोरीनं सांगितलं म्हनून घेतला."

मी छोटे शेठकडे बघितलं. त्यांनी मोबाईलमधून डोकंही वर काढलं नाही. इतकी खात्री होती त्यांना माझी! म्हणजे मला रोह्याला पाठवलं ते यासाठी. माझं मत त्यांना नको होतं. बापापुढे ठेवायला कोणाचं तरी नाव हवं होतं. तोंड माझं, वाक्य त्यांचं.

वर्षभर टेबलाखाली घेतलेले हात मी टेबलावर ठेवले. दोन्ही.

"नाय," मी म्हटलं. "मी नाय म्हनले. मी घेऊ नका म्हनले. नवीन हाय तो घेण्यासारखा नाय. आनि हा डाग माझ्या हाताचा नाय. थिनरचा हाय. खंडेनवमीला छोटे शेठनी लॅपटॉप थिनरच्या फडक्यानं पुसला. तुमी तिथंच होतात. तुमी हसलात."

छोटे शेठ आता वर बघत होते.

मोठे शेठ धंद्यातले. चिडले नाहीत. हसून म्हणाले, "जाऊ दे गो. आनलाय तर आनलाय. असं करू, ह्यो जुना तुला घे. तुझाच समज. खंडेनवमीला सगल्यांसमोर देतो, फोटो काढू. आनि आजपासून तू डिझाईन असिस्टंट. मग तर झालं?"

मी आले तेव्हा हेल्पर होते. मग सीनियर हेल्पर झाले. आता डिझाईन असिस्टंट. काम पहिल्या दिवसापासून एकच, गणपती घडवायचं. नाव कॅटलॉगमध्ये पहिल्या दिवसापासून एकच, छोटे शेठचं. झाकणाचा रंग बदलला, नावापुढचा आकडा वाढला, आतलं तेच. कालपरवाच मी रोह्याच्या काउंटरवर हेच बघून आले होते. तिथे मला ते एका तासात कळलं. इथे एवढी वर्षं लागली, याची मला लाज वाटली.

"नको," मी म्हटलं.

"काय नको?"

"दोनी नको. लॅपटॉप पन नको, नाव पन नको."

छोटे शेठ तोंडातल्या तोंडात म्हणाले, "माज बघा."

माजच. होता माज. इतक्या वर्षांनी आला होता, तो मी जपून घरी नेला.

पुढच्या रविवारी पुन्हा रोह्याला गेले. नवीन मॉडेल आल्यामुळे दुकानदाराने गेल्या वर्षीचा लॅपटॉप कोपऱ्यात सारला होता. तोच मी घेतला. कसा घेतला ते माझं मला माहीत. कोपऱ्यात सारलेल्यात काय दम असतो, ते मला कोणी सांगायला नको.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी आईला म्हटलं, "आये, मीठ ओढायची फळी दे तुझी."

घराच्या मागे भिंतीला ती टेकवलेली असते. लांब बांबू, टोकाला आडवी लाकडी फळी. पाण्यातलं मीठ ती पुढे ओढून ढीग करायची.

"तिचं काय करतेस गो?"

"पूजेला ठेवायची हाय."

आई म्हणाली, "तिची पूजा कोन करतंय? आमच्या मिठागरात शेठ काट्याची पूजा करायचा. वजनकाट्याची. आमाला नारलाचा तुकडा द्यायचा." मग तिने पदराने फळी पुसली. पुसता पुसता म्हणाली, "मी पन कवा केली नाय."

सकाळच्या गाडीत लोक त्या बांबूकडे बघत होते. बघू देत. पेणला उतरले, तशीच कारखान्यात गेले.

चौरंग मांडलेला होता. मधोमध निळसर लॅपटॉप. छोटे शेठच्या आईने त्याच्या झाकणावर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं होतं, चांगलं ठसठशीत. कुंकवाचं पाणी बिजागरीत उतरलं होतं. त्या कुंकवाला कोणी थिनर लावला नाही.

मी फळी चौरंगावर आडवी ठेवली. बांबू हातभर बाहेर आला. लाकडाच्या शिरांत जुनं मीठ अजून होतं, पांढरं.

"हे काय आणलंस?" छोटे शेठ म्हणाले.

"तुमीच सांगितलंत. तुझं हत्यार मिठागरात असेल, ते आन. आनलं."

ते पुढे झाले, फळी सरकवायला हात घातला.

"हात लावू नका," मी म्हटलं. मोठ्याने, सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं. "ज्याचं त्यानं उचलायचं. ह्यो नियम तुमच्या पनजोबांचा हाय."

त्यांचा हात तिथेच थांबला. नाना याही वेळी खाली बघत होते. मला त्याचं वाईट वाटलं, पण या वेळी मी त्यांची वाट बघत नव्हते. मी फळीला हळद लावली, कुंकू लावलं, आणि प्रसादाचं ताट खाली तसंच ठेवून निघाले. ज्याला पेढा हवा त्याने हाताने घ्यावा.

दसऱ्याला सकाळी परत गेले. फळी होती तिथेच होती. मी ती उचलली. मोठ्या शेठनी आपट्याचं पान पुढे केलं. मी घेतलं, त्यांनाही दिलं. ते म्हणाले, "उद्यापासून नवीन मशीनवर बसायचं हां. नवीन सालाचे गनपती करायचे हायत."

"नाय येनार," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"म्हंजे नाय येनार."

आजवर केलेले गणपती त्यांच्या मशिनीत आहेत. ते त्यांना ठेवू देत, खाली वाटेल ते नाव लिहू देत. मी त्यासाठी रडणार नाही आणि भांडायलाही जाणार नाही. पण यापुढे दुसऱ्याच्या मशिनीवर मी काम करणार नाही, आणि दुसऱ्याच्या नावाखाली एकही गणपती घडवणार नाही. घरी येऊन फळी परत भिंतीला टेकवली. आतल्या खोलीत, पाटावर, माझा लॅपटॉप उघडला. आईने त्याला हळदकुंकू लावलं, कोरडं, चिमूटभर. पहिला गोळा मी त्याच दिवशी घेतला.

साच्यासाठी गणपती लागला तर पेणच्या शेठनी कासूला यावं. चपला दाराबाहेर काढाव्यात. माझं नाव विचारून घ्यावं. आणि माझ्या हत्याराला हात लावू नये.